दारावरची नोंद

सोलापुरात सात रस्त्याला उभं राहून मान वर केली की चार तरी समाजसेवक दिसतात. फ्लेक्सवर. पांढरा शर्ट, गॉगल, जोडलेले हात आणि खाली कार्यकर्त्यांचे पासपोर्ट फोटो. त्यातले निम्मे पुढच्या निवडणुकीला उभे राहणार असतात, उरलेले त्यांच्यासाठी फ्लेक्स लावणार असतात. मी एमएसडब्ल्यूला, म्हणजे समाजकार्याच्या पदव्युत्तर पदवीला प्रवेश घेतला तेव्हा शेजारचे काका हसून म्हणाले होते, "समाजसेवेला डिग्री कशाला लागतीय गं?" तेव्हा उत्तर सुचलं नाही. पुढं आठ वर्षं विडी कामगार बायकांच्या वस्तीत समुपदेशन केंद्रावर काम केलं, तरी सुचलं नाही.

उत्तर मिळालं ते कॅनडात. नवऱ्याच्या नोकरीमागं २०१४ मध्ये ब्रिटिश कोलंबियात आले, सरी शहरात. तिथं कळलं की 'सोशल वर्कर' हे नाव या प्रांतात कुणी उठून लावू शकत नाही. २००८ चा कायदा आहे. नोंदणी असेल तरच स्वतःला तसं म्हणवून घ्यायचं. म्हणजे सात रस्त्यावरचे सगळे फ्लेक्स इथं बेकायदा. काकांना फोन करावासा वाटला. त्याच कायद्यात एक मोठं भोक आहे हे नंतर कळलं, ते पुढं सांगते.

नोंदणीआधी आपली पदवी इथल्या पदवीच्या तोडीची आहे का हे ठरवून घ्यावं लागतं. ते काम कॅनेडियन असोसिएशन ऑफ सोशल वर्कर्स करते, १९२६ पासूनची संस्था. त्यांची मागणी साधी: गुणपत्रिका विद्यापीठानं थेट पाठवावी, बंद पाकिटात, पाकिटाच्या तोंडावर शिक्का. साधी म्हणजे त्यांच्या दृष्टीनं. माझे वडील त्यासाठी चार वेळा खिडकीवर गेले. एकदा चलन भलत्याच खात्यावर भरलं गेलं, एकदा साहेब रजेवर, एकदा शिक्का होता पण शाई वाळलेली. चौथ्या वेळी वडील घरून स्टॅम्प पॅड घेऊन गेले.

मग क्षेत्रकार्याचे, म्हणजे शिकताना वस्तीत जाऊन केलेल्या कामाचे तास. आमच्या गुणपत्रिकेत '१०० पैकी ७१' एवढंच. किती तास, कुणाच्या देखरेखीखाली, काही नाही. आईनं माळ्यावरून माझी जुनी डायरी काढून पाठवली. तिला अजून तंबाखूचा वास येत होता. विडी वळणाऱ्या बायकांशी बोलायचं तर त्यांच्या उंबऱ्यावरच बसावं लागतं. मांडीवर सूप, बोटं चालू, बोलणं चालू, मान खाली. हजार विड्यांचा हिशेब पुरा व्हायचा असतो, त्यामुळं तुमच्यासाठी कुणी हात थांबवत नाही. सगळ्यात अवघड गोष्ट त्या नेमकी पान कापताना सांगायच्या, कारण तेव्हा वर बघावं लागत नाही. त्या डायरीतल्या नोंदी मोजून मी तास काढले आणि माझ्या जुन्या मॅडमनी पत्रावर सही केली.

नोंदणीची परीक्षा वेगळीच, अमेरिकी मंडळाची. तेव्हा एकशे सत्तर प्रश्न, चार तास, संगणकासमोर. निम्म्याअधिक प्रश्नांचं शेपूट एकच: सोशल वर्करनं सर्वांत आधी काय करावं? विडी वस्तीत याचं उत्तर 'चहा घ्यावा' असं होतं. चहा नाकारला की अक्का पुढचं काही सांगत नाही. इथल्या चार पर्यायांत चहा नव्हता. पहिल्या खेपेला नापास झाले. दुसऱ्या वेळी प्रश्नातला माणूस अमेरिकन आहे असं धरून उत्तरं दिली आणि पास झाले. पुढं २०२२ मध्ये परीक्षा घेणाऱ्या मंडळानंच आकडे जाहीर केले. गोरे उमेदवार आणि कृष्णवर्णीय उमेदवार यांच्या उत्तीर्ण होण्यात केवढी दरी आहे ते त्यात सरळ दिसत होतं. मला आश्चर्य वाटलं नाही, फक्त माझी जुनी लाज थोडी कमी झाली.

एका छोट्या सेवाभावी संस्थेत नोकरी लागली. काम भाड्याचं, मदतीच्या अर्जांचं, घरातून बाहेर पडलेल्या बायकांचं. एकट्या माणसाला सरकारी मदतीत घरभाड्यासाठी महिना ३७५ डॉलर मिळायचे. हा आकडा २००७ मध्ये ठरला आणि तिथंच बसून राहिला. ३७५ डॉलरमध्ये खोली मिळालेला एकही माणूस माझ्या टेबलासमोर कधी बसला नाही. खाण्याचे पैसे भाड्यात जायचे आणि खाणं फूड बँकेतून यायचं.

एकदा चिडून सहकारीण म्हणाली, "अर्ज भरून काही होणार नाही, बॅरेट होऊन दाखवायला पाहिजे." बॅरेट कोण हेही मला माहीत नव्हतं. डेव्ह बॅरेट हेनीच्या सुधारगृहात काम करणारे सोशल वर्कर. निवडणुकीला उभे राहणार म्हटल्यावर १९५९ मध्ये सरकारनं नोकरीवरून काढलं. १९६० मध्ये निवडून आले आणि १९७२ मध्ये प्रांताचे प्रीमियर झाले, म्हणजे आपल्याकडचे मुख्यमंत्री. मंत्रिमंडळाच्या टेबलावरून नुसत्या मोज्यांवर घसरत गेल्याची त्यांची गोष्ट इथं अजून सांगतात. सरकार तीनच वर्षं टिकलं, पण शेतजमिनीवर इमले चढू न देणारा कायदा, सरकारी वाहन विमा, विधानसभेतला प्रश्नोत्तराचा तास हे सगळं त्या तीन वर्षांतलं.

त्याच १९७२ च्या निवडणुकीत आणखी दोन सोशल वर्कर आले. रोझमेरी ब्राउन जमैकाहून शिकायला आलेल्या. कॅनडातल्या कुठल्याही प्रांताच्या विधानसभेत निवडून आलेली पहिली कृष्णवर्णीय स्त्री. १९७५ मध्ये पक्षाच्या राष्ट्रीय नेतेपदाला उभ्या राहिल्या आणि दुसऱ्या आल्या. दुसरे एमरी बार्न्स, आधीचे फुटबॉलपटू. त्यांनी १९८६ मध्ये सरकारी मदतीच्या पैशांत राहून दाखवलं. तोच प्रयोग २०१२ च्या जानेवारीत सरीचे आमदार जगरूप ब्रार यांनी केला, महिन्याला ६१० डॉलरमध्ये, आणि २६ पौंडांनी वाळून बाहेर आले. ब्राउनबाई मला सगळ्यात जवळच्या वाटल्या. परदेशी उच्चार, परदेशी कातडी आणि समाजकार्याची पदवी, एवढ्या भांडवलावर त्या चौदा वर्षं विधानसभेत होत्या.

ही सगळी न्यू डेमोक्रॅटिक पक्षाची माणसं. मी कुठल्या पक्षासाठी दारं ठोठावली ते ओळखणाऱ्यानं ओळखावं.

२०१७ च्या निवडणुकीत मला मताचा हक्क नव्हता, नागरिकत्व नव्हतं. पण दारोदार फिरायला बंदी नव्हती. त्याआधी ऑफिसात बाईंनी समोर बसवून सांगितलं: आपली संस्था धर्मादाय नोंदणीची आहे, पक्षाचा बिल्ला या दाराच्या आत येता कामा नये, कुठल्याही अशिलाशी, म्हणजे मदत मागायला आलेल्या माणसाशी, निवडणुकीवर शब्द नाही. धोरणावर बोला, पक्षावर नाही. त्यात चूक काही नव्हतं. म्हणून बिल्ला मी गाडीच्या कप्प्यात ठेवायचे, बांगड्यांच्या डबीत.

प्रचाराच्या प्रशिक्षणाला वीस मिनिटं लागली. क्लिपबोर्डवर पत्त्यांची यादी, प्रत्येक नावापुढं एक ते पाच आकडे. एक म्हणजे आपला पक्का, पाच म्हणजे पक्का विरोधक, तीन म्हणजे कुंपणावर. दार उघडलं की नाव सांगा, एक प्रश्न विचारा, ऐका, आकडा टाका, पुढचं दार. वाद नको. आत जाणं तर नकोच. चहा सांगितलाच तर 'नेक्स्ट टाइम'. माझ्या जोडीला एक निवृत्त ट्रकचालक होते, सगळे त्यांना अंकलजी म्हणायचे. ते संध्याकाळी साठ दारं करायचे. मी अठरा.

कारण मला थांबायची सवय. दार उघडणारी बाई बोलताना मेथी निवडत असली की माझा पाय हलेना. त्यांचं भाडं, सासूचं डायलिसिस, तळघरात राहणारा भाडेकरू. एकदा एका घरापुढं चाळीस मिनिटं झाली, अंकलजी फुटपाथवरून ओरडले, "पुत्त, वोट चाहिदी है, केस-फाइल नहीं!" घरी येऊन नवऱ्याला सांगितलं तर तो दोन दिवस तेच वाक्य म्हणत फिरला. पण अंकलजींचं खरं होतं. दारावर मी सोशल वर्कर नव्हते. तिथं ऐकलेलं कुठं पोचवायचा मला अधिकार नव्हता, आणि समोरच्याला वाटत होतं की ही काहीतरी करेल. ऐकून घेऊन काहीच न करणं हे न ऐकण्यापेक्षा वाईट, हे मी सोलापुरात शिकले होते. तेव्हापासून बोलणं लांबलं की मी संस्थेचं नव्हे, सरकारी मदत-क्रमांकाचं चिठोरं द्यायला लागले. त्यावर पक्षाचं चिन्ह नसायचं. पक्षाच्या लोकांना ते आवडायचं नाही.

त्या वर्षी निकाल लागला ४३, ४१ आणि ३ असा. सत्ताधारी लिबरल ४३, न्यू डेमोक्रॅट ४१, हरित पक्ष ३, आणि त्या तिघांच्या पाठिंब्यावर सरकार बदललं. सात आठवडे सगळा प्रांत बेरीज-वजाबाकी करत होता. मला तर घरच्यासारखंच वाटलं. आपल्याकडं यात हॉटेल आणि बस लागते एवढाच फरक.

दुसरी वाट व्यावसायिक संघटनेची. इथं नोंदणी करणारी संस्था वेगळी आणि आमची संघटना वेगळी, हे लक्षात यायलाच मला वर्ष लागलं. पहिली लोकांना आमच्यापासून वाचवायला असते, दुसरी आमची बाजू मांडायला. संघटनेच्या बैठकांत एक विषय कायम: ते कायद्यातलं भोक. सरकारच्या बालसंरक्षण खात्यात काम करणाऱ्यांना नोंदणीतून सूट आहे. म्हणजे रुग्णालयात समुपदेशन करायचं तर नोंदणी, आणि आईच्या कुशीतून मूल काढून न्यायचं तर नको. मला हे ऐकून संताप आला आणि मी लगेच समितीत नाव घातलं.

प्रश्न तेवढा सरळ नाही हे पहिल्याच बैठकीत कळलं. फर्स्ट नेशन्सच्या, म्हणजे इथल्या मूळनिवासींच्या, एका संस्थेतली वयस्क कार्यकर्ती आली होती. तिच्याकडं पदवी नव्हती, आणि तिच्या वस्तीतली मुलं घराबाहेर जाऊ नयेत म्हणून ती तीस वर्षं झटत होती. या प्रांतात सरकारी ताब्यातल्या मुलांपैकी दोनतृतीयांशांहून जास्त मूळनिवासी आहेत, आणि लोकसंख्येत ती मुलं दहातली एकही नाहीत. ती शांतपणे म्हणाली, "आमची मुलं नेली ती डिग्रीवाल्यांनीच. आता डिग्री नाही म्हणून मलाच बाहेर काढणार?" मूळनिवासी मुलांना घरापासून तोडणाऱ्या निवासी शाळा आणि साठच्या दशकातली त्या मुलांची उचलाउचल, यांतल्या सोशल वर्करांच्या वाट्याबद्दल आमच्या राष्ट्रीय संघटनेनं २०१९ मध्ये माफी मागितली आहे. ती माफी मी वाचली होती. पण तिच्या समोर बसून सक्तीच्या नोंदणीचं समर्थन करताना माझीच जीभ अडखळली. आजही मी सक्तीच्या बाजूनं आहे. फक्त अशा कार्यकर्त्यांसाठी नोंदणीचा वेगळा दरवाजा आधी बांधा, मग सक्ती करा, असं म्हणते. त्यामुळं दोन्हीकडचे लोक माझ्यावर थोडे थोडे नाराज असतात.

२०२२ च्या जूनमध्ये पाच मिनिटं मिळाली. विधानसभेची अर्थविषयक समिती दर वर्षी पुढच्या अंदाजपत्रकासाठी लोकांची म्हणणी ऐकते. कुणीही नाव नोंदवू शकतं. बोलायला पाच मिनिटं, मग आमदारांचे प्रश्न. सगळ्या पक्षांचे आमदार, पडद्यावर चौकोनात. मी लिहून काढलं ते चौदा मिनिटांचं झालं. आठवडाभर कापत होते. प्रास्ताविक गेलं, आभार गेले, 'मी भारतातून आले' गेलं. त्या वर्षी एकट्या माणसाची मदत ९३५ डॉलर होती, पाचशे साठ जगायला आणि ३७५ भाड्याला. शेवटी ठरवलं की पाचही मिनिटं त्या ३७५ वरच बोलायचं. सक्तीच्या नोंदणीचा मुद्दा शेवटच्या वीस सेकंदांत कोंबला होता, तोही आदल्या रात्री काढून टाकला. संघटनेतल्या एकीनं मला त्याबद्दल अजून माफ केलेलं नाही.

त्या दिवशी मी काय केलं, तर सकाळी मोबाइलवर 'भाड्यानं खोली' शोधून सगळ्यात स्वस्त दहा जाहिरातींचे आकडे कागदावर लिहिले आणि बोलताना फक्त ते एकापाठोपाठ एक वाचले. दहा आकडे. प्रत्येकानंतर म्हणायचे, "तीनशे पंचाहत्तर." सातव्या आकड्याला एका आमदारानं चष्मा काढला. ते हेलावले की डोळे चोळत होते, देव जाणे. एक प्रश्न आला, मी उत्तर दिलं, अध्यक्ष 'थँक यू' म्हणाले आणि चौकोन बंद. पुढं माझ्यानंतर बोलायला रस्त्यांच्या ठेकेदारांची संघटना होती.

२०२३ च्या अंदाजपत्रकात भाड्याची रक्कम ३७५ वरून ५०० झाली, सोळा वर्षांनी. हे माझ्यामुळं झालं असं मी कुठंही म्हणत नाही. शेकडो लोक तेच सांगत होते, बार्न्स आणि ब्रार तर उपाशी राहून सांगून गेले होते. पण माझे दहा आकडे समितीच्या शब्दशः वृत्तांतात छापलेले आहेत. तसा पूर्ण वृत्तांत ठेवायची पद्धतही बॅरेट यांच्याच काळातली. वडिलांना ती लिंक पाठवली. त्यांनी प्रिंट काढून स्टॅम्प पॅडच्या डब्याखाली ठेवली आहे, असं आई सांगते.

त्याच उत्साहात उमेदवारीच्या फंदात पडले. मतदारसंघ सांगत नाही. आधी पक्षाची छाननी: कर्ज, खटले, नोकऱ्या, समाजमाध्यमांवर लिहिलेला शब्द न् शब्द. माझं फेसबुक मराठीत. छाननीवाल्या पोरानं ते यंत्राकडून भाषांतरित करून घेतलं आणि गंभीर चेहऱ्यानं विचारलं, "तुम्ही २०१८ मध्ये कुणाच्या तरी डोक्यावर मिरी वाटण्याची धमकी दिली आहे का?" सासूबाई आल्या होत्या तेव्हाची पोस्ट होती ती, आणि मिरे माझ्या डोक्यावर वाटले जात होते. हे समजावायला अर्धा तास गेला.

मग सभासद जमवायचे. उमेदवार पक्षाचे स्थानिक सभासद निवडतात, म्हणून जो जास्त सभासद आणेल तो जिंकणार. मराठी गणेशोत्सवात अर्ज घेऊन फिरले. "ताई, तुमचं काम चांगलंच आहे, पण राजकारणात कशाला?" हे आरतीच्या रांगेत मला इतक्यांदा ऐकायला मिळालं की मी मोजणं सोडलं. एका काकांनी मोदक घेता घेता विचारलं, "सोशल वर्कचे पगार देतात इथं?" तरी सत्तावीस मराठी माणसांनी अर्ज भरले, त्यातल्या दोघांनी केवळ मी सोलापूरची म्हणून. एकूण झाले एकशे बारा.

समोरच्या उमेदवारानं किती केले ते निवडीच्या रात्री कळलं. सभागृहाबाहेर मिनीबस लागल्या, समोसे आले, आज्या-आजोबा उतरले, शिस्तीत रांगेत उभे राहिले. सगळं नियमात बसणारं. आपल्याकडं ट्रॅक्टर येतात, इथं मिनीबस. माझे एकशे बारापैकी एकाहत्तर आले. निकाल जाहीर व्हायच्या आधीच अंकलजींनी माझ्या हातात समोसा दिला, त्यावरून कळलं.

चार दिवस तोंड पाडून बसले. मग २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये सरी-गिल्डफर्ड मतदारसंघात माणसं कमी पडताहेत म्हणून फोन आला आणि पुन्हा क्लिपबोर्ड घेतला. दोन इमारती वाट्याला आल्या, लिफ्ट एकीचीच चालू.

दुसऱ्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर दार उघडलं आणि समोर माझी जुनी अशील. फाइल बंद होऊन दोन वर्षं झाली होती. आमचा नियम साफ आहे: बाहेर भेट झाली तर ओळख आपण दाखवायची नाही, समोरच्यानं दाखवली तरच. ती माझ्याकडं बघत राहिली, मग माझ्या छातीवरच्या बिल्ल्याकडं, मग मागं वळून आत. आत कुणीतरी टीव्ही बघत होतं, माझ्या ओळखीचं नसलेलं. तिच्या हातात कोथिंबिरीची जुडी होती, तिनं ती एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. माझं पाठ केलेलं वाक्य, उमेदवाराचं नाव, मतदानाची तारीख, सगळं घशाशी. मी "सॉरी, राँग डोअर" म्हटलं. तिनं मान हलवली आणि दार लावलं. यादीत तिच्या नावापुढं मी 'घरी नाही' लिहिलं.

'घरी नाही' लिहिलेल्या दारावर शेवटच्या दिवशी पुन्हा कुणीतरी जातं. मतदानाच्या दिवशी, १९ ऑक्टोबरला, आभाळ फाटल्यासारखा पाऊस होता. गटारं तुंबली, रस्त्यांचे ओढे झाले. तिसऱ्या मजल्याची यादी पुन्हा माझ्याच हातात आली. ती मी अंकलजींना दिली आणि त्यांची घेतली. त्यांनी कारण विचारलं नाही. पण लिफ्ट बंद होती, गुडघे दुखत होते. ते तिसऱ्या मजल्यापर्यंत पोचले की नाही, हेही मी विचारलं नाही.

न्यायालयीन फेरमोजणीनंतर ती जागा २२ मतांनी ठरली आणि तिच्यामुळं आमच्या पक्षाचं ९३ पैकी ४७ असं काठावरचं बहुमत झालं. प्रचारकार्यालयात केक कापला गेला, बावीस मेणबत्त्या लावून. मी केक खाल्ला. ती बाई मतदानाला गेली का, गेली तर कुणाला दिलं, हे विचारायचा अधिकार मला सोशल वर्कर म्हणूनही नाही आणि कार्यकर्ती म्हणूनही नाही. गेल्या महिन्यात ती मला पंजाबी दुकानात दिसली, भेंडी निवडत होती. मी पलीकडच्या रांगेतून बाहेर पडले.